पुराच्या गणितातला माणूस

पूर का येतो, हे आपण भूगोलाच्या तासाला शिकवतो. पाऊस फार पडला, डोंगरावरचे जंगल तुटले, पात्र गाळाने भरले, अशी कारणे फळ्यावर लिहून होतात. धरणे आणि बांध हे उपायही लिहून होतात आणि धडा संपतो. पण एखाद्या चौकस मुलाने विचारले, ''इतकी धरणे बांधली, इतके बांध घातले, तरी पुराने होणारे नुकसान वाढतच का जाते?'' तर त्याचे उत्तर फळ्यावरच्या यादीत सापडत नाही. त्या यादीत पाऊस आहे, नदी आहे, गाळ आहे. माणूस मात्र नाही. नदीकाठी घर बांधणारा, मागच्या पुराची आठवण ठेवणारा किंवा विसरणारा, बांधावर भरवसा टाकणारा माणूस पुराच्या गणितात कसा आला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तो बराचसा अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात घडला.

बांध, आणि फक्त बांध

मिसिसिपीचे खोरे सुमारे ३२ लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे जवळजवळ भारताच्या क्षेत्रफळाएवढे आहे. एवढ्या प्रदेशाचे पाणी एकाच नदीतून मेक्सिकोच्या आखाताकडे जाते. नदीच्या दोन्ही बाजूंना पुराच्या गाळाने तयार झालेली सपाट, सुपीक जमीन आहे. तिला आपण पूरमैदान म्हणतो. या जमिनीवर कापूस उत्तम पिकतो, म्हणून तिथे शेते झाली, गावे वसली आणि त्यांच्या रक्षणासाठी नदीकाठाने मातीचे बांध उभे राहिले.

१८७९ साली या नदीसाठी एक सरकारी आयोग नेमला गेला. पुढे अनेक वर्षे त्याचे धोरण 'फक्त बांध' असेच राहिले. त्यामागचा युक्तिवाद वरवर पाहता सरळ होता. पाणी दोन बांधांमध्ये कोंडले की त्याचा वेग वाढेल, वेगवान पाणी तळ खरवडून पात्र खोल करील आणि नदी स्वतःच स्वतःसाठी जागा करून घेईल. याविरुद्ध आवाज उठला नव्हता असे नाही. चार्ल्स एलेट या अभियंत्याने १८५२ सालीच दाखवून दिले होते की, पूर्वी आजूबाजूच्या सखल भागात पसरणारे पाणी बांधांमुळे पात्रातच अडकते आणि पुराची पातळी उलट चढते. त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. बांध मात्र दरवेळी थोडे आणखी उंच होत गेले.

१९२७ च्या वसंत ऋतूत या धोरणाची परीक्षा झाली. अनेक महिने पडलेल्या पावसाने नदी फुगली आणि २१ एप्रिल रोजी माउंड्स लँडिंग येथे बांध फुटला. इतरत्रही बांध फुटले. सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर प्रदेश पाण्याखाली गेला, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ चौथा हिस्सा. सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. त्यांत मोठा भरणा दुसऱ्यांच्या जमिनी कसणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांचा होता. बांध किती उंच असावेत हे ठरवण्यात त्यांचा काडीचाही सहभाग नव्हता.

या आपत्तीनंतर 'फक्त बांध' हे धोरण मागे पडले. १९२८ च्या कायद्याने बांधांच्या जोडीला सांडवे आणि पुराचे पाणी वळवण्याचे मार्ग आले. पुढे १९३६ च्या कायद्याने पूरनियंत्रण ही देशाच्या मध्यवर्ती सरकारची जबाबदारी मानली. या कायद्यात एक अट होती. ज्या कोणाला फायदा होणार असेल त्या सर्वांचा फायदा मिळून योजनेच्या खर्चापेक्षा जास्त असावा. म्हणजे आता प्रत्येक बांधासाठी आणि धरणासाठी नफ्यातोट्याचे गणित मांडणे भाग होते. आणि हे गणित बारकाईने पाहणारा एक माणूस तेव्हा वॉशिंग्टनमध्ये नोकरी करत होता.

व्हाइट यांचा प्रश्न

गिल्बर्ट व्हाइट (१९११-२००६) हे शिकागोचे. भूगोलाचे शिक्षण घेऊन ते १९३० च्या दशकात सरकारच्या जलनियोजनाच्या कामात दाखल झाले. पूरनियंत्रणाचे प्रस्ताव त्यांच्या नजरेखालून जात. प्रत्येक प्रस्तावात नदीची मोजमापे चोख असत. किती पाऊस, किती विसर्ग, पाणी किती चढेल, बांध किती उंच हवा, सगळे काही होते. पण बांध झाल्यावर त्याच्या मागच्या जमिनीवर लोक काय करतील, हा प्रश्न कोणी विचारत नव्हते. लोक आज जिथे आहेत आणि जसे आहेत तसेच राहतील, असे गृहीत धरलेले असे.

व्हाइट यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला. शिकागो विद्यापीठाने त्यांना १९४२ साली त्यासाठी डॉक्टरेट दिली आणि १९४५ साली प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. पाणी चढते ते निसर्गाच्या नियमांनी. नुकसान मात्र बहुतांशी माणसाने घेतलेल्या निर्णयांमुळे होते. म्हणून पाण्याला अडवणे हा अनेक मार्गांपैकी एक मार्ग समजावा. त्यांनी एकूण आठ मार्ग मांडले. जमिनीवर भर घालून ती उंच करणे, पाणलोटात झाडे आणि माती राखून पूर सौम्य करणे, बांध व धरणे, पुराच्या वेळी माणसे आणि सामान हलवणे, इमारतींच्या रचनेत बदल करणे, जमिनीचा वापर बदलणे, सरकारी मदत आणि विमा. यांपैकी तिसऱ्या मार्गावर सगळा पैसा जात होता आणि बाकीचे बहुतेक कागदावरच होते.

१९५० च्या दशकाच्या मध्यास व्हाइट शिकागो विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ शहरी भागांतील पूरमैदानांची पाहणी केली आणि १९५८ साली निष्कर्ष मांडले. १९३६ नंतर पूरनियंत्रणावर प्रचंड खर्च झाला होता, तरीही पूरमैदानावरची वस्ती वाढतच होती. कित्येक ठिकाणी बांधाचे संरक्षण मिळाल्यामुळेच ती वाढीला लागली होती.

एक छोटे गणित

हे कसे होते, ते एका काल्पनिक गावाच्या उदाहरणाने पाहू. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

नदीकाठी १०० घरे आहेत. सरासरी दहा वर्षांतून एकदा पूर येतो आणि प्रत्येक घराचे एक लाख रुपयांचे नुकसान होते. म्हणजे एका पुरात एक कोटी रुपये बुडतात. दहा वर्षांवर ते वाटले तर वर्षाला सरासरी १० लाख रुपये पडतात.

आता गावाने बांध घातला. पाणी गावात शिरायला आता मोठा पूर लागतो आणि तो सरासरी ५० वर्षांतून एकदा येतो. घरे तेवढीच राहिली, तर वार्षिक सरासरी नुकसान २ लाखांवर येईल. अभियंत्याच्या कागदावर हाच आकडा असतो, आणि तो खोटा नसतो.

पण वीस वर्षे गावात पाणी आले नाही. जमिनीला भाव आला. शेताडीत प्लॉट पडले. घरे १०० ची ५०० झाली. तळमजल्यावर दुकाने आली, घराघरांत फ्रिज आणि मोटारसायकली आल्या, त्यामुळे दर घरामागे होऊ शकणारे नुकसान दोन लाखांवर गेले. आता बांध ओलांडून पाणी आले, तर एका दिवसात दहा कोटी रुपये बुडतील. पन्नास वर्षांवर वाटले तरी वर्षाला २० लाख होतात. बांध नव्हता तेव्हाच्या दुप्पट! शिवाय पूर्वी दर दहा वर्षांनी पाणी पाहणारे गाव सावध होते. आता गावातल्या निम्म्याअधिक लोकांनी पूर पाहिलेलाच नाही.

पुराची जोखीम ही तीन गोष्टींचा गुणाकार आहे. पाणी किती वेळा येईल, त्याच्या वाटेत काय काय आहे आणि त्या पाण्यात ते किती टिकेल. बांध पहिली संख्या लहान करतो. पण त्याच बांधामुळे माणसांच्या वागण्यातून दुसरी आणि तिसरी संख्या मोठी होऊ शकते. याला पुढे 'बांधाचा परिणाम' असे नाव पडले. बांध घालूच नयेत, असा याचा अर्थ नाही. बांधामागे काय उभे राहू द्यायचे ते ठरवल्याशिवाय बांधाचे गणित पुरे होत नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे.

आठवणीची उंची

लोक धोक्याच्या जागी का राहतात? त्यांना धोका कळत नाही का? हा प्रश्न व्हाइट यांचे विद्यार्थी रॉबर्ट केट्स यांनी हाती घेतला. केट्स यांची वाटचालही वेगळीच. ते अनेक वर्षे पोलाद कारखान्यात काम करत होते. पदवी परीक्षा न देताच ते शिकागो विद्यापीठात संशोधनाकडे वळले आणि १९६२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

केट्स यांनी जलमापनाच्या नोंदी पाहिल्याच, पण ते टेनेसी राज्यातल्या लाफॉलेट आणि इतर काही गावांत पूरमैदानावर राहणाऱ्यांकडे आणि दुकानदारांकडेही गेले. पूर पुन्हा येईल असे वाटते का, आला तर पाणी कुठवर चढेल, तुम्ही काय तयारी केली आहे, असे प्रश्न त्यांनी विचारले. त्यांना असे आढळले की माणसे आपल्या अनुभवात कैद असतात. ज्याने पूर पाहिला नाही त्याला तो येईल असे वाटत नाही. ज्याने पाहिला आहे त्याला वाटते की, येईल तो तेवढाच येईल. मागच्या पुराची खूण हीच त्याच्या कल्पनेची कमाल मर्यादा असते.

१९६४ साली केट्स आणि इयन बर्टन यांनी लोक अनिश्चिततेला कसे तोंड देतात याची वर्गवारी केली. काही जण धोकाच नाकारतात: आमच्याकडे पूर येत नाही, नुसते पाणी चढते. काही जण पुनरावृत्ती नाकारतात: तसे एकदाच झाले, पुन्हा होणार नाही. काही जण अनियमित गोष्टीला नियमित करून टाकतात: पूर अमुक वर्षांनी येतो, आता इतकी वर्षे काळजी नाही. आणि काही जण भार दुसऱ्यावर टाकतात: देव पाहून घेईल, किंवा सरकार पाहून घेईल. ही यादी परकी वाटते का? कोणत्याही नदीकाठच्या पारावर तासभर बसले तर यांतले प्रत्येक वाक्य ऐकायला मिळेल.

यावरून लोक अडाणी असतात असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पूरमैदानावर जमीन सुपीक असते, पाणी जवळ असते, रस्ते आणि बाजार तिथेच असतात. अनेकदा गरिबाला परवडणारी जागा तेवढीच असते. व्हाइट यांनाही पूरमैदान सरसकट मोकळे करायचे नव्हते. तिथे राहण्याचा फायदा आणि खरी किंमत, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून निर्णय व्हावा, असे ते म्हणत. फायदा एकाला आणि भुर्दंड सगळ्यांना, अशी व्यवस्था असली की निर्णय चुकतात.

'शंभर वर्षांचा पूर'

व्हाइट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ साली आपला अहवाल दिला आणि १९६८ साली अमेरिकेत राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू झाली. कल्पना अशी की, गावाने पूरमैदानावरच्या बांधकामाला नियम लावावेत, म्हणजे तिथल्या रहिवाशांना विमा मिळेल. विमा घेणारे सुरुवातीला फारच थोडे निघाले. १९७२ च्या अॅग्नेस वादळाच्या पुरानंतर, १९७३ साली, पूरक्षेत्रातील घरांवर कर्ज घेणाऱ्यांना तो सक्तीचा करावा लागला. पुढेही अनेक कुटुंबे विमा घेत आणि दोन-चार वर्षे पाणी आले नाही की तो सोडून देत, असे पाहणीत दिसून आले. हप्ते फुकट गेले, असे त्यांना वाटे.

या योजनेसाठी नकाशावर एक रेषा आखावी लागली. 'शंभर वर्षांच्या पुराची' रेषा. हा शब्दप्रयोग फार दिशाभूल करतो. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे, एकदा येऊन गेला की पुढची ९९ वर्षे निर्धास्त, असे ऐकणाऱ्याला वाटते. खरा अर्थ असा की, कोणत्याही एका वर्षी तो येण्याची संभाव्यता १ टक्का आहे. मागच्या वर्षी आला होता की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. तीस वर्षांत एकदाही न येण्याची संभाव्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४ आहे. म्हणून तीस वर्षांत निदान एकदा तरी तो येण्याची संभाव्यता सुमारे २६ टक्के होते. घराचे कर्ज फेडता फेडता चारांपैकी एका घराला तो भेटणार! दुसरी अडचण रेषेचीच. रेषेच्या आत धोका आणि बाहेर सुरक्षित, असा समज होतो आणि रेषेला खेटून बांधकामे उभी राहतात. पाण्याला मात्र ती रेषा माहीत नसते.

एक पूर, दोन वाटा

१९९३ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी आणि मिसूरी नद्यांना पुन्हा महापूर आला. शेकडो बांध फुटले किंवा बुडाले. या पुरानंतर दोन गावांनी घेतलेले निर्णय पाहण्यासारखे आहेत. इलिनॉय राज्यातले व्हालमेयर हे जेमतेम ९०० वस्तीचे गाव. गावकऱ्यांनी सरकारी मदतीतून सबंध गावच जवळच्या उंच कड्यावर हलवायचे ठरवले आणि ते तडीस नेले. सेंट लुइस शहराजवळच्या चेस्टरफील्डमध्ये मात्र फुटलेला बांध पूर्वीपेक्षा अधिक उंच व भक्कम करण्यात आला आणि १९९३ साली पाण्याखाली असलेल्या जमिनीवर प्रचंड बाजारपेठ उभी राहिली. तिथे पूर येण्याची संभाव्यता आता खूपच कमी आहे. पण वरचे छोटे गणित आठवा. बांधामागची रक्कम किती वाढली आहे!

वागण्यातला बदल चांगल्या दिशेनेही होतो, याचे उदाहरण जर्मनीत सापडते. ऱ्हाइन नदीला डिसेंबर १९९३ मध्ये मोठा पूर आला. कोलोन शहरात पाणी १०.६३ मीटरपर्यंत चढले. तेरा महिन्यांनी, जानेवारी १९९५ मध्ये, ते १०.६९ मीटरपर्यंत, म्हणजे किंचित जास्तच चढले. पण दुसऱ्या पुरातले नुकसान पहिल्याच्या जेमतेम निम्मे होते. नदी तीच, शहर तेच, पाणी तेवढेच. फरक पडला तो आठवण ताजी असलेल्या माणसांमुळे. लोकांनी तळघरांतले सामान वेळेवर वर नेले, तयारी आधीपासून केली आणि इशाऱ्याकडे कान दिला. नुसती पाण्याची पातळी पाहून नुकसानीचा अंदाज करणारे कोष्टक इथे दुपटीने चुकले असते.

समीकरणात माणूस

असे असूनही जोखमीचे अंदाज करणारी बहुतेक गणिती प्रतिमाने अनेक वर्षे माणसाला स्थिर धरूनच चालली. पाऊस बदलतो, नदी बदलते, समुद्राची पातळी बदलते. माणूस मात्र पन्नास वर्षे एकाच जागी, एकाच पद्धतीने वागत बसलेला! अलीकडे हे बदलू लागले आहे. २०१३ साली ज्युलियानो दि बाल्दासारे आणि सहकाऱ्यांनी नदी आणि समाज यांना एकमेकांवर परिणाम करणाऱ्या समीकरणांत एकत्र मांडले. त्यात 'पुराची आठवण' ही एक राशीच आहे. पूर आला की ती उसळते आणि नंतर वर्षागणिक ओसरत जाते. आठवण ताजी असताना समाज नदीपासून दूर सरतो किंवा बांध उंच करतो. ती ओसरली की पुन्हा काठाकडे सरकतो. २०१८ साली अशा संशोधकांच्या एका मोठ्या गटाने आग्रहाने मांडले की, पुराच्या जोखमीच्या मूल्यमापनात लोकांचे, व्यवसायांचे आणि सरकारचे वागणे धरलेच पाहिजे. आता संगणकावर हजारो काल्पनिक कुटुंबे तयार करून, त्यांतले प्रत्येक कुटुंब विमा घेईल का, जोते उंच करील का, घर हलवील का, याचे नियम देऊन पुढच्या अनेक वर्षांचे चित्र तपासता येते. व्हाइट यांनी विचारलेला प्रश्न सोडवायला हत्यारे मिळाली ती इतक्या उशिरा.

आपल्या नदीकाठी

महाराष्ट्रातही नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांमधल्या पट्ट्यात अटी, असा सर्वसाधारण नियम आहे. वरचेच गणित निळ्या रेषेला लावले, तर तीस वर्षांत तिथवर पाणी निदान एकदा येण्याची संभाव्यता सुमारे ७१ टक्के निघते.

आणि केट्स यांना टेनेसीत जे दिसले, तेच कृष्णाकाठी दिसले. २००५ साली सांगलीला मोठा पूर आला. तेव्हा पाणी कुठवर आले होते, त्या खुणा लोकांच्या मनात पक्क्या बसल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागले, तेव्हा तेव्हा आले नाही ते आता कसे येईल, या हिशेबाने कितीतरी कुटुंबे घरातच थांबली. आयर्विन पुलाजवळ या वेळचे पाणी २००५ पेक्षा तीन फुटांहून अधिक वर गेले. २००५ ची आठवण खोटी नव्हती. ती कमाल मर्यादा मात्र नव्हती.

नदीकाठच्या शाळांना या विषयावर दोन उपक्रम सहज करता येतील. पहिला वर्गातला. शंभर चिठ्ठ्या घ्या, एक लाल आणि बाकी पांढऱ्या. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक घर. त्याने एक चिठ्ठी काढायची, पाहून परत टाकायची, असे तीस वेळा. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण दहा मुलांच्या हाती निदान एकदा तरी लाल चिठ्ठी येईल. कोणाला ती लागोपाठ दोनदाही येऊ शकेल. 'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे काय, हे त्यानंतर निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा उपक्रम गावातला. मुलांनी वयस्कर माणसांना विचारून, कोणत्या साली पाणी कुठवर आले होते ते गावाच्या नकाशावर मांडायचे. मग त्याच नकाशावर, त्या त्या वेळी कोणती घरे होती आणि कोणती नंतर झाली, ते वेगळ्या रंगांनी दाखवायचे. नंतर झालेल्या घरांतल्या लोकांना तीन प्रश्न विचारायचे. इथे पाणी येईल असे वाटते का? आले तर कुठवर? आणि पहिल्यांदा काय हलवाल? उत्तरे वहीत तारखेनिशी लिहून ठेवावीत आणि वही शाळेच्या कपाटात जपावी. पाच-सहा वर्षांनी नव्या मुलांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, की गावाची आठवण किती ओसरली, ते त्यांना स्वतःच मोजता येईल.